आधी मशीन ओळखा, मग पेनड्राइव्ह बनवा

गेल्या गणपतीत देवगडला आमच्या पडवीत दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. एक काकांचा डेस्कटॉप, इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाला, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवायला पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला. दुसरा मुंबईहून आलेल्या पुतणीचा नवा कोरा लॅपटॉप. काका विचारत होते, "ह्यो आता भंगारात घालूचो काय रे?" पुतणीला विंडोजच्या जोडीला लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी सिस्टिम, हवं होतं. दोन्हीवर लिनक्स टाकायला मी आदल्या रात्री एकच पेनड्राइव्ह तयार करून ठेवला होता. लॅपटॉप त्यावरून लगेच सुरू झाला, पण डेस्कटॉपच्या काळ्या पडद्यावर नुसती पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

पेनड्राइव्ह धड होता, डेस्कटॉपही धड होता. मी पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने बनवला होता आणि जुन्या मशीनला ती पद्धत कळतच नाही, एवढीच गोष्ट. पहिल्यांदा हे काम करणारे बहुतेक जण इथेच अडतात आणि चांगलं मशीन बिघडलं समजून भंगारात देतात. म्हणून हा लेख पेनड्राइव्हपासून नाही, मशीनपासून सुरू करतो.

मशीन कोणत्या जातीचं आहे?

कॉम्प्युटर चालू केला की विंडोज किंवा लिनक्स येण्याआधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो दोन प्रकारचा असतो.

जुना प्रकार म्हणजे बायोस. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला. त्याचं काम साधं असतं: डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचायचे आणि तिथे जो कोड असेल तो चालवायचा. डिस्कवर फोल्डर आहेत, फाइली आहेत, हे त्याला माहीतच नसतं. त्याच्यासाठी पेनड्राइव्ह एमबीआर पद्धतीचा लागतो. डिस्कचे भाग कसे पाडलेत याची नोंद ठेवण्याची ही जुनी पद्धत.

नवा प्रकार म्हणजे यूईएफआय. त्याला फाइली वाचता येतात. तो फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या भागात 'ईएफआय' नावाचं फोल्डर शोधतो आणि त्यातली ठरलेली फाइल चालवतो. त्याच्यावर विंडोज टाकायचं तर डिस्क जीपीटी पद्धतीची लागते, म्हणजे भागांची तीच नोंद ठेवण्याची नवी पद्धत. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासूनच्या बहुतेक मशीनमध्ये यूईएफआय असतं. मधल्या काळातली बरीच मशीनं दोन्ही भाषा बोलतात. त्यांच्या सेटिंगमध्ये 'सीएसएम' किंवा 'लेगसी' असा पर्याय दिसतो. अगदी नव्या लॅपटॉपमध्ये मात्र तो पर्याय काढून टाकलेला असतो, त्यामुळे फक्त बायोससाठी बनवलेला पेनड्राइव्ह तिथे यादीतही येत नाही.

मशीनवर विंडोज चालत असेल तर ओळख पटवायला एक मिनिट पुरतं. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' शोधून उघडा. 'बायोस मोड' या ओळीपुढे 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' लिहिलेलं असेल. तिथेच प्रोसेसरचं नाव, रॅम आणि मशीन ६४ बिटचं आहे की ३२ बिटचं, हेही दिसतं. सगळं कागदावर उतरवून घ्या. एक खाच लक्षात ठेवा: 'लेगसी' दिसलं म्हणजे मशीनला यूईएफआय येतच नाही असं नव्हे. आत्ताचं विंडोज त्या पद्धतीने टाकलंय, इतकाच त्याचा अर्थ. जुन्या विंडोजशेजारी दुसरी सिस्टिम ठेवायची असेल, तर तीही त्याच पद्धतीने टाका, नाहीतर सुरू होताना दोघांची गाठ पडत नाही.

विंडोज चालतच नसेल, तर मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि सेटिंगचा पडदा उघडा. तिथे कुठेही 'सिक्युअर बूट' (फक्त ओळखीच्या सहीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) हे शब्द दिसले तर ते यूईएफआय आहे.

पावसाळाभर बंद पडलेलं मशीन

हे आपल्या किनारपट्टीचं खास काम आहे, म्हणून थोडं सविस्तर. जून ते सप्टेंबर कोपऱ्यात उभा राहिलेला डेस्कटॉप थेट प्लगला लावू नका. आधी बाजूचं झाकण उघडा. आमच्या डेस्कटॉपच्या मागच्या जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. मुंग्या, पालीची अंडी, काहीही निघू शकतं. मऊ ब्रशने झाडून घ्या. वीज देणारा लोखंडी डबा, म्हणजे एसएमपीएस, उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक विजेचा साठा राहतो.

खाऱ्या हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो. मशीन चालू केल्यावर नुसते बीप वाजतात आणि पडदा काळाच राहतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. रॅम काढा, पट्ट्यांवरून पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका आणि क्लिप 'टक' वाजेपर्यंत दाबून परत बसवा.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की मशीन तारीख विसरतं आणि तुम्ही बदललेली बूटची, म्हणजे मशीन कशावरून सुरू व्हायचं याची, सेटिंगही विसरतं. काकांच्या मशीनची तारीख दर वेळी वर्षं मागे जात होती. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक वेबसाइट असुरक्षित म्हणून अडवतो आणि नवखा माणूस नेटला दोष देत बसतो. सेल स्वस्त असतो आणि घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो आधी बदलून टाका.

कोणती सिस्टिम टाकायची?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत. या अटी गाळून पेनड्राइव्ह बनवण्याची सोय आहे, ती पुढे येईलच. पण तिलाही मर्यादा आहे: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना असाव्याच लागतात. कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत, त्यामुळे काहीही युक्ती केली तरी ते सुरूच होत नाही. त्या मशीनवर वेळ घालवू नका.

अशा ६४ बिटच्या जुन्या मशीनसाठी मी मिंट या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवतो. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबी असेल तर बरी चालते. जुन्या हार्डडिस्कच्या जागी साटा एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर फरक डोळ्यांना दिसतो. माझ्या मते जुन्या मशीनवर पैसे घालायचेच असतील तर ते इथेच घालावेत. ३२ बिटच्या मशीनसाठी पर्याय फार कमी उरलेत. मिंट आणि उबुंटू ही लिनक्सं आता फक्त ६४ बिटसाठी निघतात, डेबियन १३ पासून डेबियननेही ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. अँटिएक्स नावाचं लिनक्स बघा, ते हलकं आहे.

एक प्रश्न मात्र आधीच विचारा: या मशीनवर टॅली चालते का? चालत असेल तर ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर सरळ बसत नाही. बागायतदाराचा सगळा हिशेब त्यात असेल तर लिनक्सचा आग्रह धरू नका. दुसरं विंडोज मशीन आधी लावून द्या, मग जुन्याला हात घाला.

आधी बॅकअप, आणि त्यात फॉन्टही

इन्स्टॉल करताना एक चुकीचं बटण दाबलं की अख्खी डिस्क पुसली जाते. आणि पेनड्राइव्ह बनवताना पेनड्राइव्हवरचंही सगळं जातं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क एकदमच जातात. म्हणून एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा.

कागदपत्रं, फोटो, हिशेब हे तर घ्याच, पण विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डरही घ्या. जुनी मराठी पत्रं, ग्रामपंचायतीचे अर्ज, लग्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. हे कळतं तेव्हा जुनी डिस्क पुसून झालेली असते.

फाइल उतरवणं

इन्स्टॉलरची फाइल म्हणजे आयएसओ फाइल. मिंटची साधारण ३ जीबीच्या आसपास, विंडोज ११ ची ५ जीबीहून मोठी. ती फक्त बनवणाऱ्यांच्याच वेबसाइटवरून घ्या. 'सगळं आधीच चालू करून दिलेलं' विंडोज कोणी पेनड्राइव्हवर दिलं तर घेऊ नका. आत काय पेरलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता.

मोबाइलच्या पॅकवर रोजचा डेटा दीड-दोन जीबीच असेल तर लिनक्सची फाइल टॉरेंटने, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी, उतरवा. आज अर्धी, उद्या अर्धी. लाईट गेली तरी उतरलेला भाग वाया जात नाही आणि टॉरेंट प्रत्येक तुकडा तपासूनच घेतं. ब्राउझरने उतरवली असेल तर तपासणी स्वतः करा. वेबसाइटवर फाइलशेजारी एसएचए-२५६ नावाची लांबलचक अक्षरमाळ दिलेली असते. पेनड्राइव्ह बनवायच्या रुफस या प्रोग्राममध्ये फाइल निवडली की शेजारच्या टिकमार्कच्या छोट्या बटणावर तीच माळ काढून मिळते. दोन्ही माळा जुळल्या तर पुढे जा. एक अक्षरही वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा. या तपासणीचा कंटाळा करू नका. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल अगदी शेवटाला आल्यावर दगा देते.

पेनड्राइव्ह बनवणं

१६ किंवा ३२ जीबीचा, नावाजलेल्या कंपनीचा पेनड्राइव्ह घ्या. फार मोठा नको: काही जुन्या बायोसना १३७ जीबीपुढचं वाचताच येत नाही. बाजारातल्या स्वस्त पेनड्राइव्हवर ६४ जीबी छापलेलं असतं आणि आत ८ जीबीच असतं, असंही होतं. मी एकदा असा घेतला होता. फाइल चढली, सगळं ठीक दिसलं आणि इन्स्टॉल दर वेळी त्याच ठिकाणी अडकलं. शंका आली तर रुफसमध्ये पेनड्राइव्हचे खराब भाग तपासण्याचा पर्याय आहे. त्यात नकली क्षमताही पकडली जाते.

विंडोजवर असाल तर रुफस वापरा. ते फुकट आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. उघडल्यावर असं करा:

१. 'डिव्हाइस'मध्ये तुमचाच पेनड्राइव्ह निवडलाय ना, हे नाव आणि आकार वाचून पक्कं करा. बाकीच्या बाहेरच्या डिस्क आधीच काढून ठेवा.

२. 'सिलेक्ट' दाबून आयएसओ फाइल निवडा.

३. 'पार्टिशन स्कीम' ही खरी मेख. जुन्या बायोस मशीनसाठी एमबीआर, नव्या यूईएफआय मशीनसाठी जीपीटी. लिनक्सची फाइल असेल तर एमबीआर निवडा. तेव्हा 'टार्गेट सिस्टिम'मध्ये 'बायोस ऑर यूईएफआय' असं दिसतं, म्हणजे तोच पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालतो. मी त्या रात्री इथे जीपीटी ठेवलं होतं.

४. 'फाइल सिस्टिम' रुफस सुचवेल तीच ठेवा. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमधली मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. म्हणून रुफस तिथे एनटीएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम वापरतं आणि सोबत एक चिमुकला जोडभाग तयार करतं. तो खराबी समजून पुसू नका.

५. 'स्टार्ट' दाबा. लिनक्ससाठी 'आयएसओ मोड' की 'डीडी मोड' असं विचारलं तर आधी आयएसओ मोड. त्याने मशीन सुरू झालं नाही तर पुन्हा बनवताना डीडी.

विंडोज ११ च्या फाइलसाठी 'स्टार्ट' दाबल्यावर टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमच्या अटी गाळायच्या का, असं रुफस विचारतं. सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल मशीनवर हे चालतं. मात्र मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पाठिंबा देत नाही, पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. घरच्या वापराला मी हे करून देतो. दुकानाच्या किंवा ऑफिसच्या मशीनला करून देत नाही.

वारंवार हे काम करणार असाल तर व्हेन्टॉय बघा. पेनड्राइव्हवर ते एकदाच बसवायचं, मग आयएसओ फाइली साध्या फाइलींसारख्या कॉपी करत जायच्या. मिंट, विंडोज, अँटिएक्स, सगळं एकाच पेनड्राइव्हवर राहतं आणि मशीन सुरू करताना यादीतून निवडता येतं. बायोस आणि यूईएफआय दोन्हीवर चालतं. माझ्या खिशात आता हाच पेनड्राइव्ह असतो. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर पहिल्या वेळी निळा पडदा येईल. त्यात 'एन्रोल की फ्रॉम डिस्क' निवडून पेनड्राइव्हवरची किल्ली एकदाच नोंदवायची असते.

जुनं मशीन सुरू करताना

पेनड्राइव्ह डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट बारीक वायरने जोडलेले असतात आणि खाऱ्या हवेत तेच आधी गंजतात. मशीन चालू करताच बूट मेनूची की दाबत राहा. गिगाबाइटच्या बोर्डला एफ१२, असूसच्या बोर्डला एफ८, एमएसआय आणि एएसरॉकला एफ११, डेलला एफ१२.

यूएसबी कीबोर्ड त्या क्षणी ओळखलाच जात नसेल, तर जांभळ्या गोल पोर्टचा जुना कीबोर्ड लावा आणि सेटिंगमध्ये 'लेगसी यूएसबी सपोर्ट' चालू करा. बऱ्याच जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह 'यूएसबी' नावाखाली दिसत नाही, तो 'हार्डडिस्क'च्या यादीत आत लपलेला असतो. ती यादी उघडून पेनड्राइव्ह सगळ्यात वर न्या. काकांच्या मशीनवर तो तिथेच सापडला.

लिनक्स सुरू होताना पडदा काळा पडला तर पुन्हा सुरू करून मेनूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. जुन्या ग्राफिक कार्डांना तो लागतो.

नवं मशीन सुरू करताना

इथे की दाबण्याची घाई नको. विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे बंद केलेला लॅपटॉप पूर्ण बंद झालेलाच नसतो आणि एफ१२ दाबायला वेळच मिळत नाही. सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप', मग 'यूज अ डिव्हाइस' असं गेलं की पेनड्राइव्ह निवडता येतो. कीच वापरायची असेल तर 'रीस्टार्ट' करा. लेनोवो आणि एसरला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९. एसरवर ती की आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

त्याआधी एक काम, आणि हे चुकवू नका. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद झालेली असते. मालकाला ते माहीतही नसतं. बूटच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. आधी ती शोधून वहीत लिहून ठेवा. की नसेल तर आतले फोटो, अभ्यास, काहीही परत मिळत नाही. पुतणीची की शोधायला आम्हाला अर्धा तास लागला, कारण अकाउंट तिच्या दादाच्या नावावर होतं.

सिक्युअर बूट बंद करायची गरज सहसा नसते. मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन ही सगळी ते चालू ठेवूनच सुरू होतात.

विंडोजच्या इन्स्टॉलरला काही नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्कच दिसत नाही. डिस्क बिघडलेली नसते, ती ओळखायला इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम हवा असतो. लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून तो आधीच उतरवून, झिप सोडवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. वायफाय ओळखलं गेलं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा.

इन्स्टॉलच्या दिवशी

मे महिन्यातल्या किंवा परतीच्या पावसातल्या दुपारी डेस्कटॉपवर हे काम काढू नका. गडगडायला लागलं की प्लग काढावाच लागतो. सकाळची वेळ बरी. इन्वर्टर असेल तर डेस्कटॉप त्यावर लावा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवा आणि चार्जरही लावा. इन्स्टॉल मध्येच तुटलं तर घाबरू नका, पेनड्राइव्हवरून पुन्हा पहिल्यापासून करता येतं. बायोस अपडेटचं तसं नाही. ते मध्येच तुटलं तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून बॅकअपच्या विजेशिवाय ते करूच नका.

लिनक्स असेल तर लगेच इन्स्टॉल दाबू नका. पेनड्राइव्हवरूनच ते पूर्ण चालतं. आवाज, वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तासभर वापरून बघा. सगळं पटलं तरच 'इन्स्टॉल'. डिस्क निवडायच्या पडद्यावर मात्र थांबा. 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसणार. विंडोज ठेवायचं असेल तर 'अलाँगसाइड' असं लिहिलेला पर्याय घ्या, आणि डिस्कचा आकार वाचून पेनड्राइव्ह कोणता, घरची डिस्क कोणती, हे बोट ठेवून ओळखा.

काम झालं की पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावल्यावर कधी कधी 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारतो किंवा आकार अगदी लहान दाखवतो. तो खराब झालेला नाही. पुन्हा साधा पेनड्राइव्ह हवा असेल तर रुफसमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून 'स्टार्ट' दाबा. इन्स्टॉलर म्हणूनच ठेवायचा असेल तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवून कोणती सिस्टिम, एमबीआर की जीपीटी आणि तारीख लिहा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. आमचा तांदळाच्या पिंपाच्या वरच्या फळीवर असतो, काकांच्या डेस्कटॉपच्या जुन्या सेलशेजारी.